मुलगी म्हणते गाड्याच डिझाईन करणार, हातातली नोकरी सोडू द्यावी का?

पत्र थोडक्यात: सोलापूरहून एका वडिलांनी लिहिलंय. अक्कलकोट रोडला त्यांचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, टॉवेल आणि चादरीचा. मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, चाकणच्या एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीने कॅम्पसमधून तिला घेतलंय. पण तिला ती नोकरी नकोय. एक वर्ष घरी राहून डिझाईनच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायची आणि पुढे मोटरसायकल, कार डिझाईन करायच्या असं तिचं ठरलंय, शाळेपासून वहीच्या मागच्या पानांवर गाड्याच काढत आलीये. वडील विचारतात, चित्रं काढून पोट भरतं का? आपल्याकडच्या गाड्या तर बाहेरच्या देशातच डिझाईन होतात ना? आता एआय दोन मिनिटांत गाडीचं चित्र काढून देतं, मग हिला कोण विचारणार? आणि हे मुलींचं क्षेत्र आहे का? पुतण्याचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, होटगी रोडला बाईक मॉडिफिकेशनचं दुकान टाकून देऊ. शेवटी लिहितात, "तुम्ही तिला समजावून सांगा, तुमचं ऐकेल."

नमस्कार दादा,

तिला समजावते, पण आधी तुमच्याशीच बोलावं असं वाटलं. कारण तुमचे सगळे प्रश्न एकाच समजुतीवर उभे आहेत, की गाडी डिझाईन करायची म्हणजे गाडीचं छान चित्र काढायचं. आणि बहुतेक तुमच्या लेकीचीही हीच समजूत असणार, कारण मोबाईलवर तेच दिसतं, चकचकीत लाल सुपरकार, ही मोठ्ठी चाकं, काच एवढीशी फट, आत माणूस बसणार कसा ते कुणी विचारत नाही.

मी पुण्यात एका गाड्यांच्या स्टुडिओत बरीच वर्षं काम केलंय. तिथे चित्र हा कामाचा पहिला आणि सगळ्यात छोटा भाग असतो. चित्र पसंत पडलं की काळ्या टेपने भिंतीवर गाडी खऱ्या मापात काढतात, मग फोमच्या सांगाड्यावर क्ले चढवतात. ही क्ले कुंभाराची माती नव्हे, त्यात मेण असतं, ओव्हनमध्ये साधारण ६० डिग्रीला गरम करून हाताने थापायची, गार झाली की घट्ट होते, मग स्टीलच्या पात्यांनी खरवडत खरवडत आकार काढायचा. त्यावर एक चंदेरी फिल्म ताणून लावतात आणि ट्यूबलाइटखाली उभं राहून बघतात, उजेडाची रेघ पुढच्या दारावरून मागच्या दारापर्यंत सलग जातेय की मध्येच लचकतेय. लचकली की फिल्म काढा, परत खरवडा. ही पद्धत अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये हार्ले अर्ल या माणसाने १९२० च्या दशकाच्या शेवटी रुजवली, आणि आज एवढे कॉम्प्युटर आले तरी बऱ्याच मोठ्या स्टुडिओत क्ले अजून चालू आहे, कारण स्क्रीनवर गाडी कितीही फिरवली तरी तिच्याभोवती चालता येत नाही.

आणि हे चालू असताना बाकीची माणसं येत राहतात. इंजिनिअर सांगतो दिवा वर घ्या, नियमात बसत नाहीये. प्रेस शॉपवाला सांगतो पत्रा एवढा खोल ओढला तर फाटेल. कॉस्टिंगवाला सांगतो हा तुकडा काढूनच टाका. सगळ्यांचं ऐकून, काही ठिकाणी भांडून, तो आकार शेवटपर्यंत टिकवायचा, पहिल्या चित्रापासून गाडी रस्त्यावर येईपर्यंत तीन-चार वर्षं.

तुमच्या कारखान्यात काय होतं सांगा बरं. चादरीवरचा मोर नुसता कागदावर सुंदर काढून भागतं का? तो ग्राफच्या चौकटीत बसवावा लागतो, हुक किती आहेत, रंग किती परवडतात, रिपीट कुठे येतो, उलट्या बाजूला धागा फार लांब सुटत नाही ना, हे सगळं बघून मग जेकार्डची कार्डं, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची पुठ्ठी, पंच होतात. मोर दिसायलाही चांगला पाहिजे आणि माग न अडखळता विणलाही गेला पाहिजे. तुमची मुलगी जे करायचं म्हणतेय ते याच जातीचं काम आहे. तिने ते कुठून उचललं हे तुम्हाला कोडं पडलंय, मला नाही पडलं.

आणि हा संबंध मी ओढूनताणून लावत नाहीये. गाडीच्या आत बसल्यावर हाताला काय लागतं? सीट, दार, छताचं कापड. मोठ्या स्टुडिओत याचा स्वतंत्र विभागच असतो, सीएमएफ म्हणतात, म्हणजे कलर, मटेरियल, फिनिश. फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआय या गाडीची चौकड्याची सीट जगभरात ओळखली जाते, १९७६ पासून. ती गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या बाईंनी केली, मूळच्या चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवणाऱ्या, १९६४ ला कंपनीच्या कापड आणि रंग विभागात लागलेल्या. म्हणजे त्या गाडीची एक मोठी ओळख कापडात आहे, आणि ती एका बाईने दिलेली आहे. दुसरी गाडी सांगते, फियाट पांडा, १९८० ची. जॉर्जेट्टो जुजारो यांनी केलेली, यांचे वडील आणि आजोबा दोघंही भिंतीवरची चित्रं रंगवणारे. पांडा स्वस्त ठेवायची होती म्हणून काचा सगळ्या सपाट घेतल्या, आणि डॅशबोर्डच्या जागी एका नळीला कापड लावून लांबलचक खिसाच केला, त्यात काय पाहिजे ते टाका. मागची सीट झोळीसारखी ताणता यायची. पैसा वाचवता वाचवता इतकी हुशार गाडी झाली. तुम्ही कापडातले आहात म्हणून मुद्दाम सांगितलं, हे लेकीला रात्री जेवताना सांगा, मग बघा ती किती वेळ बोलते ते.

आता, गाड्या बाहेरच डिझाईन होतात हे. एकेकाळी तसंच होतं. अॅम्बॅसडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट. १९९८ ची इंडिका भारतीय म्हणून आली तेव्हासुद्धा तिच्या आकारासाठी इटलीतल्या ट्युरिनच्या स्टुडिओची मदत घेतलेली. पण त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. टाटांचा स्टुडिओ पुण्यात आहे (इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीला आणि ट्युरिनलाही आहे), महिंद्रांचा मुंबईत, टू-व्हीलरवाल्या कंपन्यांकडे स्वतःची माणसं आहेत. डिझायनर प्रताप बोस अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाईन संस्थेत शिकले, मग लंडनला, टाटांच्या टियागो, नेक्सॉन, हॅरिअर त्यांच्या हाताखाली झाल्या, २०२१ ला महिंद्रात गेले. आणि मुलींचं क्षेत्र आहे का म्हणता, तर रामकृपा अनंतन हे नाव लिहून ठेवा. मेकॅनिकल इंजिनिअर, बिट्स पिलानी, मग आयआयटी मुंबईत डिझाईन, मग महिंद्रात इंटिरिअर करता करता डिझाईनच्या प्रमुख झाल्या. २०११ ची एक्सयूव्ही ५००, २०२० ची नवी थार, ही त्यांच्या टीमची कामं. नव्या थारसाठी जी पोरं वेडी होतात ती एका मेकॅनिकल झालेल्या बाईच्या देखरेखीखाली झालेली गाडी आहे. तुमची मुलगी त्याच पायरीवर उभी आहे, मेकॅनिकलची चार वर्षं फुकट गेली असं तुम्हीही म्हणू नका आणि तिलाही म्हणू देऊ नका.

पुतण्याच्या दुकानाचं एका वाक्यात सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय, तेव्हा स्टिकर, सीट कव्हर, सर्व्हिसिंगचं दुकान खुशाल टाका पण त्याच्या जिवावर मुलीचं शिक्षण थांबवू नका.

एआयची भीती मात्र खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. ज्याला फक्त चकचकीत चित्र काढता येतं त्याचं काम कमी होणारच. पण त्या यंत्राला विचारा की माणसाचा कंबरेचा बिंदू जमिनीपासून किती वर ठेवलास, नंबरप्लेट कुठे लागणार, चाक पूर्ण वळवलं तर फेंडरला घासेल का, हा पत्रा डायमधून, म्हणजे साच्यातून, सुटेल का. चित्र देतं, जबाबदारी घेत नाही. या प्रश्नांची उत्तरं ज्याला येतात आणि वर हातात आकाराची जाण आहे असा माणूस स्टुडिओला लागतोच, आणि इथे तुमची लेक मेकॅनिकल झाल्यामुळे आर्ट्सच्या पोरांपेक्षा दोन पावलं पुढे आहे.

म्हणून तिला एक काम द्या. मी तिला सांगेन तेच तुम्ही सांगा, सुपरकार काढणं थोडे दिवस बंद. सात रस्त्याला किंवा नवी पेठेत संध्याकाळी उभं राहायचं, वही घेऊन, आणि फक्त मागच्या सीटवर बसलेल्या बायका बघायच्या. साडी नेसलेली बाई मोटरसायकलवर एका बाजूला बसते, डावीकडे, सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे. दोन्ही पाय एका छोट्या पट्टीवर, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पिशवी नाहीतर पोर. पदर आणि मागचं चाक यांच्यात फक्त एक जाळी, साडीगार्ड. ती जाळी शोभेची नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२३, लिहिलेलंच आहे की मागे बसणाऱ्याला पकडायला हँडल पाहिजे, पाय ठेवायला जागा पाहिजे आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला पाहिजे. आता शोरूममध्ये जाऊन बघा, बऱ्याच गाड्यांना ती जाळी अशी लावलेली असते की गाडी पूर्ण झाल्यावर कुणाला तरी आठवलं आणि चार बोल्ट मारून बसवली. पोरं गाडी घरी न्यायच्या आधीच ती काढायला लावतात, लूक बिघडतो म्हणून. आणि मग तीच गाडी घेऊन आईला सिद्धेश्वराच्या देवळात सोडायला जातात.

माझ्या दृष्टीने हा आपल्याकडचा मोटरसायकल डिझाईनमधला सगळ्यात दुर्लक्षिलेला प्रश्न आहे. साडीगार्ड गाडीचाच भाग वाटेल, काढावासा वाटणार नाही, एकटा पोरगा चालवतानाही गाडी देखणी दिसेल आणि आजी बसली तरी तिचा पाय नीट टेकेल, असं काढून दाखव म्हणावं. मोजपट्टी घेऊन. आईला, आत्याला बसवून पाय कुठे येतो, गुडघा कुठे येतो, पकडायला हात कुठे जातो ते मोजायचं, मग पुठ्ठ्यात कापून खऱ्या गाडीवर लावून बघायचं, फसलं की दुसरा पुठ्ठा. फसलेले पुठ्ठे फेकू नको, फोटो काढून ठेव, कारण प्रवेशाच्या मुलाखतीत विचार कसा केलास हेच विचारतात. शंभर लॅम्बोर्गिनींपेक्षा ही एक वही जास्त बोलेल याची मला खात्री आहे.

असे विषय सोलापुरात पावलोपावली आहेत. टीव्हीएस एक्सएलवर सुताची पोती नेतात, मागची सीट काढून, ती गाडी इतकी वर्षं का टिकली याचा अभ्यास कर. एप्रिल-मेमध्ये पार्किंगमधली काळी सीट इतकी तापते की लोक त्यावर टॉवेल टाकून बसतात, मग न तापणारं, घाम शोषणारं, पावसात भिजलं तर लवकर वाळणारं सीटचं कापड तुमच्याच मागावर विणून बघता येईल का? गाडीच्या आतल्या कापडाला आग किती वेगाने पसरते याची कसोटी असते, आयएस १५०६१, उन्हात रंग किती टिकतो, घासून किती झिजतं, हे सगळं असतं, टॉवेलचा सूत तिथे तसाच्या तसा चालणार नाही, पण प्रयोग करायला माग घरात आहे, असं भाग्य अहमदाबादला शिकणाऱ्या किती पोरांना मिळतं? एक माग, दोन-चार मीटरचे नमुने, एवढं तुम्ही तिला द्याच दादा. हा खर्च क्लासच्या फीपेक्षा कमी आहे.

आता नोकरीचं. मुलगी म्हणते नोकरी किंवा डिझाईन, तुम्हीही तेच धरून बसलात. पण असं एकच निवडायला सांगतंय कोण? आयआयटीच्या एमडेससाठी, म्हणजे डिझाईनमधल्या मास्टर्ससाठी, जी परीक्षा लागते, सीड, ती जानेवारीत असते, तिला वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते, आणि शेवटच्या वर्षातली मुलंही देऊ शकतात. म्हणजे अजून फॉर्मची तारीख गेली नसेल तर याच वर्षी एक प्रयत्न होऊ शकतो, घरी न बसता. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागामध्ये मोबिलिटी अँड व्हेईकल डिझाईन आहे, एनआयडीत ट्रान्सपोर्टेशनचा एमडेस आहे, त्याची परीक्षा वेगळी, दोन ते अडीच वर्षांचे कोर्स. जागा मोजक्या असतात हे खरं, पहिल्याच वर्षी नाही मिळालं तर त्यात नवल काही नाही, आणि म्हणूनच वर्षभर नुसतं घरी बसून सगळा भार एका परीक्षेवर टाकणं मला पटत नाही. घरी बसलेल्या मुलीला रोज कुणीतरी येऊन विचारतं काय चाललंय, ते ओझं अभ्यासापेक्षा जड होतं.

चाकणची नोकरी घेऊ दे. पार्ट कसा बनतो, डाय कशी असते, मोल्डिंगमध्ये प्लास्टिक कुठे आकसतं, हे जिने शॉप फ्लोअरवर बघितलंय ती स्टुडिओत गेल्यावर कुणी तिला "हे बनणार नाही" म्हणून गप्प करू शकत नाही. पण दादा, मग दोन गोष्टी तुम्हीही कबूल करायच्या. पहिली, ही नोकरी तिच्या रस्त्यावरचं एक स्टेशन आहे, शेवटचं नाही, पगार सुरू झाला की "आता कशाला ते डिझाईन" असं घरात कुणी म्हणणार नाही, तुम्ही तर नाहीच नाही. दुसरी, सही करायच्या आधी ऑफर लेटर दोघांनी बसून नीट वाचा, बॉण्ड आहे का, किती वर्षांचा, मध्ये सोडली तर किती भरायचे, ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतात का. दोन वर्षांचा कडक बॉण्ड असेल तर माझं मत बदलेल, मग तिचं ऐका आणि एक वर्ष द्या, तेही जानेवारीच्या परीक्षेपर्यंतचं आणि त्यानंतरच्या मुलाखतींपर्यंतचं, तारखा भिंतीवर लिहून.

पोट भरतं का याचं उत्तर, भरतं, पण गाडीच्या अख्ख्या बॉडीवर ज्यांची रेघ राहते अशी माणसं थोडी असतात. बाकी कितीतरी जण दिवे, सीट, स्टिअरिंग, स्क्रीनवरचं डिस्प्ले, ट्रॅक्टर, ई-रिक्षा, यात काम करतात आणि चांगलं जगतात. अलायससारख्या सॉफ्टवेअरवर गाडीचे पृष्ठभाग काढणाऱ्यांना पुण्यातच मागणी असते आणि त्यासाठी मेकॅनिकल चालतंच. मुलीला हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे दिव्यांच्या कंपनीत लागली तर हरल्यासारखं वाटणार नाही. रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात न घुसणारा दिवा काढणं हे मला तरी फार मोठं काम वाटतं.

फक्त खाजगी कॉलेजच्या जाहिरातींना भुलू नका. काही चांगली आहेत, पण लाखांत फी भरायच्या आधी प्रत्यक्ष जा, क्लेचं वर्कशॉप उघडून दाखवा म्हणा, तिथे खरंच काम चालू दिसतंय का बघा, मागच्या बॅचच्या पोरांना भेटून कुठे लागले ते विचारा. सहा महिन्यांत कार डिझायनर बनवतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्या पालकांसाठीही थोडं, मूल बारावीत असेल तर आयआयटीच्या बीडेससाठी, म्हणजे डिझाईनच्या पदवीसाठी, यूसीड ही परीक्षा आहे, कुठल्याही शाखेला चालते पण सलग दोनच वर्षं देता येते, आणि दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांना तेवढ्यावर सीड देता येत नाही, आधी डिग्री करावी लागते. अट दरवर्षी माहितीपत्रकात वाचूनच घ्या, शेजारच्याच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आणि दादा, सीडचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आगेमागे सुटतात. ओबीसी किंवा दुसरं आरक्षण लागू असेल तर राज्याचा दाखला तिथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो, ओबीसी असेल तर नॉन-क्रिमिलेअरसकट आणि त्या आर्थिक वर्षाचा. तो निघायला वेळ जातो, ऐनवेळी हेलपाटे होतात. या आठवड्यात सेतूत जाऊन अर्ज टाका, आणि जाताना मुलीला गाडी चालवू द्या, तुम्ही मागे बसा.